बंद इंजिनाचा ठोका

हे घडलेलं आहे. मला रंगवून सांगता येत नाही. भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त पुस्तकांतच वाचल्या. सांगण्यात काही चुकलं तर ती चूक माझी समजा.

थंडीतला बुधवार होता. भर दुपार. जागा म्हणजे माझ्या साडूंच्या घरामागची पत्र्याची शेड. मी तिथे नव्हतो, साडूंकडून ऐकलं ते सांगतोय.

शेडमध्ये त्यांचा लांब नाकाचा जुना ट्रक उभा होता. किलोमीटरचा आकडा भरून पुन्हा शून्यापासून सुरू झालेला. घरात सगळे त्याला ‘म्हातारी’ म्हणत.

साडू आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघं मिळून तो चालवायचे. काही बिघडलं की दादा पुढे इंजिनापाशी आणि साडू केबिनमध्ये. बॉनेट उघडलं की दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून त्यांची एक खूण ठरलेली होती. बॉनेटवर एक ठोका, चालू कर. दोन ठोके, बंद कर.

आदल्या वर्षी एका चढावर म्हातारी बंद पडली. दादा पंख्यापाशी वाकले होते. साडूंना एक ठोका ऐकू आला…

त्यांनी चावी फिरवली.

दादांच्या गळ्यातला रुमाल पंख्यात सापडला.

दवाखान्यापर्यंत पोचायची वेळच आली नाही.

“ठोका आला म्हणून चालू केली.” साडू सगळ्यांना हेच सांगत राहिले. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, ते एकदाही मानलं नाही.

“रुमाल पंख्यात लोंबत असताना ते चालू कर म्हणतील? मला काय खुळी समजलात, भाऊजी?”

तेव्हापासून साडूंनी एकच ध्यास घेतला. म्हातारीच्या इंजिनात अधूनमधून खरंच ठक् असा आवाज यायचा. तो कुठून येतो ते शोधायचं आणि वहिनींना ऐकवायचा. ऐकण्यात फसलो असेन, पण खोटं बोललो नाही, एवढं तरी त्या मानतील.

म्हणून त्यांनी त्या बुधवारी फिटरला बोलावलं. वहिनींनाही.

वहिनी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. ट्रकपासून चार हात लांब, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“करा काय नाटक करायचंय ते.”

साडू केबिनमध्ये चढले. फिटरने बॉनेट उघडलं. खूण त्याला सांगून ठेवलेली होतीच.

एक ठोका.

साडूंनी गाडी चालू केली. शेडचे पत्रे थरथरले. आणि त्या घरघरीत मधूनच… ठक्.

“आहे, आहे,” फिटर ओरडला. “म्हातारीला ढास लागलीय. घसा कुठे खवखवतोय ते बघू.”

त्याची पद्धत साधी होती. डिझेलच्या नळ्या एकेक करून ढिल्या करायच्या. जी ढिली केल्यावर ठक् थांबेल, दोष तिथे.

पहिली नळी. ठक् चालूच.

दुसरी. चालूच.

तिसरी ढिली केली… आणि आवाज गेला.

“सापडला, मालक!”

साडूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. “ऐकलंत ना, वहिनी?”

वहिनी फिटरकडे वळल्या. “हा आवाज गाडी बंद असताना येतो का हो?”

 फिटर हळूच म्हणाला, “नाही. बंद इंजिन कसं ठोकेल?”

“आणि त्या दिवशी गाडी बंद होती, भाऊजी.”

साडूंचं हसू मावळलं.

दोन ठोके आले. त्यांनी गाडी बंद केली. तिसरी नळी काढून आत काय आहे ते बघायला फिटर पंख्यावरून आत वाकला.

शेडमध्ये शांतता झाली. पान्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

मग तोही थांबला.

आणि…

ठक्.

बॉनेटवर. एकच ठोका. स्वच्छ.

साडूंचा हात चावीवर गेला. विचार करायला वेळच नव्हता. इतक्या वर्षांची सवय.

इंजिन धडधडलं. आणि फिटरची किंकाळी.

साडूंनी गाडी बंद केली आणि उडी मारून ते पुढे धावले. फिटर जमिनीवर बसला होता. शर्टाची बाही खांद्यापासून फाटून पंख्यात गुंडाळली गेली होती. हात शाबूत होता.

“जीव घेता काय माझा!”

“अरे, तू ठोकलंस ना?”

“कशाने ठोकू? डोक्याने? माझे दोन्ही हात आत होते!”

साडू सावकाश वहिनींकडे वळले. शेडमध्ये तिसरं माणूस त्याच होत्या.

“वहिनी… तुम्ही तरी ऐकलंत ना?”

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. बराच वेळ त्या बॉनेटकडे बघत राहिल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी काही ऐकलं नाही.”

आणि निघून गेल्या.

फिटर पुन्हा त्या शेडमध्ये आला नाही. पण साडूंना एकदा रस्त्यात भेटला, तेव्हा म्हणाला, “मालक, एक सांगू? वाकलो होतो तरी बाई मला काखेतून दिसत होत्या. तुम्ही चावी फिरवायच्या आधीच त्या दचकून बाजूला सरकल्या.”

मला एक गोष्ट अजून उमगलेली नाही. या वेळी दादांनी ठोकलं म्हणावं, तर त्या चढावर कुणी ठोकलं होतं?

साडूंनी म्हातारी भंगारात काढली. वहिनी त्यांच्याशी आजही बोलत नाहीत.

परवा मी वहिनींकडे गेलो होतो. बाहेर बोचरा वारा होता, तरी त्यांचं पुढचं दार सताड उघडं. मी लावून घ्यायला उठलो.

“राहू द्या उघडं,” त्या जरा जोरातच म्हणाल्या. “कुणाला ठोकावं लागायला नको.”

मी खाली बसलो.  

आणि त्या उघड्या दारावर…

ठक्.

दारात कुणी नव्हतं.

मी वहिनींकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, “मी काही ऐकलं नाही.”