उत्तरदात्री क्रमांक तीस

परीक्षा म्हणायला ऑनलाइन होती, पण त्यासाठी दामिनीला नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडच्या खेड्यातून दोन एसट्या बदलून अकोल्याला यावं लागलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते असं. संगणकाच्या हॉलमध्ये तीस जण बसले, लोकप्रशासनाच्या एम.ए.चा पहिला पेपर उघडला आणि... लाइन गेली.

मार्च महिना. पंखे थांबले तसा सगळा हॉल बाहेर व्हरांड्यात आला. दामिनी भिंतीला टेकून बसली. शेजारी एक किडकिडीत पोरगा बसला, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. त्यानं डबा उघडला. अंबाडीच्या भाजीचा वास आला.

"तुमी जेवल्या का?" त्यानं विचारलं.

"हाव."

साफ खोटं होतं. सकाळी सहाला घेतलेल्या चहावर ती तिथवर आली होती.

"तरी एक घास घ्या. मान्यतेस्तव सादर." त्यानं डबा पुढे सरकवला.

सरकारी टिपणीतला तो शब्द असा भाजीबरोबर आलेला पाहून तिला हसू आलं. "नामंजूर," ती म्हणाली.

"कारण?"

"कारण सांगितलंच पाह्यजे, असं काई नाई."

"हे चुकलं तुमचं, मॅडम. नामंजूर करतानी कारण द्या लागते. तिसरा धडा वाचला नाई वाटते?"

त्याचे डोळे हसत होते. दामिनीनं घाईघाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "घरी सासू वाट पाहून राहिली माही. लाइन कधी येते त्याची चिंता हाय मले."

'सासू' हा शब्द तिनं मुद्दाम टाकला होता. त्या एका शब्दाचं कुंपण बरं असतं, पुढचं कोणी विचारत नाही. त्यानं मान हलवली, डबा आपल्या बाजूला ओढून घेतला आणि अदबीनं थोडा दूर सरकून बसला. तो दूर सरकला तेव्हा दामिनीला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याचं नाव अंकुर. अकोल्याजवळच्या एका नगरपंचायतीत तो लिपिक होता. ती तिच्या गावच्या ग्रामपंचायतीत संगणकावर बसायची, दाखले काढून द्यायची. जन्माचे कमी, मृत्यूचे जास्त. साडेतीन वर्षांपूर्वी त्याच संगणकावर तिनं एक दाखला स्वतः टाइप केला होता. सूर्यभान, वय सत्तावीस. कपाशीवर फवारणी करताना औषध अंगात भिनलं. अमरावतीच्या दवाखान्यात तीन दिवस काढून तो गेला. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. घरात उरल्या दोघी: दामिनी आणि सूर्यभानची आई, दुर्गाबाई, म्हणजे दामिनीच्या आत्याबाई.

त्या घराच्या खिडकीतून तेच वावर दिसायचं. ते दिसू नये म्हणून दामिनी शिकत होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अमरावतीत तालुका समन्वयकाची कंत्राटी जागा निघणार होती. पदव्युत्तर पदवी लागणार होती, तीही पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेर हातात. ती जागा मिळाली तर आत्याबाईंना घेऊन दोन खोल्यांत राहायचं, आणि खिडकीतून रस्ता पाहायचा. एवढंच तिचं स्वप्न होतं.

दीड वर्षानं शेवटचं सत्र आलं. पुण्याच्या मार्गदर्शक मॅडमनी जोड्या पाडल्या आणि यादीत दामिनीच्या नावासमोर अंकुरचं नाव होतं. विषय होता, 'घरातला कर्ता पुरुष गेलेल्या शेतकरी महिला आणि त्यांच्यापर्यंत पोचलेल्या योजना'. तीस बायका तिच्या तालुक्यातल्या, तीस त्याच्या. तीसला एक जरी कमी पडली, तरी प्रकल्प नापास.

विषय नको, असं दामिनी म्हणू शकली असती. पण नामंजूर करताना कारण द्यावं लागतं...

दर शनिवारी दोघं फोनवर हिशेब जुळवायचे. किती घरं झाली, किती राहिली. अंकुर तिला संदेश पाठवायचा तेही टिपणीच्या भाषेत. 'आज नऊ महिलांना भेटलो. पायाला फोड आले. सहानुभूतीस्तव सादर.' ती उत्तर द्यायची, 'पाहिले. चप्पल बदलावी.' तो लिहायचा, 'प्रस्ताव उत्तम, तरतूद नाही.' ती एकटीच हसायची आणि चुलीपुढे बसलेल्या दुर्गाबाई विचारायच्या, "काय झालं वं?"

"काई नाई, आत्याबाई. अभ्यास."

"हसू येते असा अभ्यास आमच्या टायमाले नव्हता बापा," दुर्गाबाई म्हणायच्या आणि भाकर उलटायच्या.

पण दिवसा ती ज्या घरांत जायची, तिथं हसण्यासारखं काही नव्हतं. ऑक्टोबरच्या पावसानं सोयाबीन उभ्या जागी काळं पडलं होतं. बायका तिला ओसरीत बसवायच्या, बिनदुधाचा चहा द्यायच्या आणि सांगत सुटायच्या. एकीनं फॉर्मवर अंगठा देता देता तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुहा कोन गेला?"

दामिनीनं कागद गोळा केले. "आमच्याकडं सगळे हाय," असं म्हणून ती उठली. वाटेत तिला चिखलात बसून रडावंसं वाटलं, पण पुढच्या घरी वेळ दिलेली होती.

एकोणतीस फॉर्म झाले. तिसावी बाई नांदगाव पेठच्या कापडगिरणीत कामाला निघून गेली, दाराला कुलूप. फॉर्म पाठवायची शेवटची वेळ त्याच दिवशी संध्याकाळी पाच. चार वाजता दामिनी ग्रामपंचायतीत एकटी बसली होती. समोर कोरा फॉर्म.

तिनं पेन उचललं आणि स्वतःचं वय लिहिलं, सत्तावीस. कर्ता पुरुष कसा गेला, फवारणी. किती वर्षं झाली, पाच. फॉर्मवर नाव लिहायचं नसायचं, फक्त क्रमांक. शेवटी सही किंवा अंगठा. हात भराभर चालला, जणू ती दुसऱ्याच कुणाची माहिती लिहीत होती. शेवटचा प्रश्न आला: 'सध्या तुमची सर्वात मोठी गरज कोणती?' बाकीच्यांनी पेन्शन सांगितली होती, पोरांची फी, विहीर. दामिनीनं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि लिहिलं, 'कोणी जेवली का म्हणून विचारलं, तर खोटं हो म्हणावं लागू नये.'

सहीची जागा मात्र तिनं कोरी सोडली. तिथं तिचा हात धजला नाही. पाचला पाच मिनिटं असताना तीसही फॉर्म स्कॅन होऊन, एकत्र पाठवायला अंकुरकडे गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्याचा संदेश आला. टिपणी नाही, विनोद नाही. 'जेवल्या का?'

'हो,' तिनं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. नोव्हेंबरभर सात वाजले की मोबाइलचा छोटा दिवा लागायचा आणि तेच दोन शब्द. तो प्रकल्पाबद्दल बोलायचा तेव्हाही त्याचा आवाज आता सांभाळून पाऊल टाकल्यासारखा असायचा. मध्येच थांबायचा, 'एक बोलू का?' म्हणायचा आणि मग तक्त्यातल्या टक्केवारीबद्दलच काहीतरी विचारायचा. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, ते दामिनीला कळत होतं. भांडं कशाचं आहे तेवढं कळत नव्हतं. आणि तरी साडेसहापासून तिचं लक्ष मोबाइलकडे असायचं. आपण याच्यात गुंतलो, हे तिला एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता लख्ख समजलं, आणि त्या समजण्यानं ती घाबरून गेली. आत्याबाईंना सोडून ती कुठं जाणार होती?

तोंडी परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. पडद्यावर तीन चौकटी: पुण्याच्या मॅडम, अकोल्यात अंकुर, आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर दामिनी. बाहेर बाकावर दुर्गाबाई ऊन खात बसल्या होत्या. सगळं ठीक चाललं होतं. मॅडमनी कौतुकही केलं. मग त्यांनी चष्मा वर केला.

"तीस नंबरच्या फॉर्मवर सही नाही आणि अंगठाही नाही. या बाईंना प्रत्यक्ष कोण भेटलं?"

दामिनीनं फॉर्मांची चळत जवळ ओढली.

"मी, मॅडम," अंकुर म्हणाला. "मी... मी त्या दिवशी नांदगावला गेलो होतो. मी भेटलो. सही घ्यायची राहिली, चूक माझी."

तिनं पडद्यावर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. भाजीचा डबा पुढे करणारा हा माणूस तिच्यासाठी खोटं बोलत होता, आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं. म्हणजे त्याला माहीत होतं. फॉर्म वाचला त्या दिवसापासून माहीत होतं! रोज सात वाजताचे ते दोन शब्द तिच्या डोळ्यांपुढून भराभर गेले. आता गप्प बसलं की पदवी हातात, अमरावतीची जागा हातात. फक्त गप्प बसायचं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तीस नंबर मी आहे."

मॅडम कठोर नव्हत्या, तेच तिला जास्त लागलं. "तुमची माहिती खोटी नाही, दामिनी. पण आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं, याला सर्वेक्षण म्हणत नाहीत. तीस नंबर नव्यानं भरा. तुम्ही नाही, अंकुर भरतील. आणि निकाल दोघांचाही आता पुढच्या सत्रात."

डिसेंबरची पदवी गेली. जागा गेली. दामिनीनं मोबाइल बंद केला आणि पेटीत टाकला. चार दिवस संध्याकाळचे सात वाजले आणि गेले.

पाचव्या दिवशी रविवार होता. दुपारच्या एसटीनं अंकुर आला. हातात कोरा फॉर्म आणि काखेत डबा.

"काहून आले?" ओसरीत उभं राहून तिनं विचारलं.

"फॉर्म भरायले. मॅडमचा आदेश हाय."

"माह्यापायी तुमचं बी सत्र बुडलं."

"बुडलं," तो म्हणाला. "पन खोटं बोलतानी जीव चालला होता माहा. तुमी बोलल्या, तवा कुठं श्वास आला."

"तुमाले कसं समजलं, तो फॉर्म माहा म्हणून?"

"अकोल्यात तुमी हाव म्हटलं होतं, आठवते? तवा तुमच्या पोटात कावळे ओरडून राहिले होते. मले आयकू येत होते."

एवढ्या दुःखातही तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. "मंग बोलले काहून नाई इतके दिवस?"

"रोज इचारत तर होतो..." तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

दामिनीनं खांबाला हात टेकवला. मनातलं ओठावर आलं होतं. ते तसंच ठेवून ती दुसरंच बोलली. "मी इथून हलू शकत नाई. आत्याबाईले माह्याशिवाय कोनी नाई. तुमी दुसऱ्या कोनाचा फॉर्म भरा आन जा."

"कोनाचा होय फॉर्म?" दारातून दुर्गाबाईंचा आवाज आला. त्या कधीपासून तिथं उभ्या होत्या, देव जाणे.

"घरचा मानूस गेलेल्या बाईचा," अंकुर म्हणाला.

"मंग माहा भरा." त्या खाली बसल्या आणि पाय लांब केले. "माहा मानूस गेला, मंग पोरगा गेला. आजवर जो साहेब आला तो हिच्याशीच बोलला. मले कोनी इचारलं नाई. हिनंबी नाई."

दामिनीला चपराक बसल्यासारखं झालं. दोन महिने ती तीस बायकांसाठी वणवण फिरली होती, आणि तिसावी बाई घरात रोज तिच्यासाठी भाकरी भाजत होती.

अंकुर खाली बसून लिहू लागला. वय? "साठ लिहा. खरं कोनाले ठावं." योजना? "एकबी नाई. कागद सारे सुनेच्या नावचे." मग तो शेवटच्या प्रश्नावर आला. "तुमची सगळ्यात मोठी गरज कोनती, माय?"

दुर्गाबाईंनी पाय जवळ घेतले. मग सुनेला म्हणाल्या, "तू आत जाय वं."

दामिनी आत गेली, पण दाराआडच थांबली.

"लिहा," दुर्गाबाई हळू म्हणाल्या. "आमच्या घरी तीन ताटं होते. सूर्यभानचं पाच वर्षांपासून फळीवर उपडं पडलं हाय. मले ते पाहवत नाई. ते खाली काढनारं कोनी पाह्यजे. पोरगी रोज मले वाढते आन सोता जेवली म्हनून सांगते, मले काय समजत नाई? पन मले मांगं टाकून जायाचं नाई कोनी. हे बी लिहा. दोनी लिहा."

"दोनी लिहिलं, माय."

"मंजूर हाय का?"

"माह्याकडून हाय," अंकुर म्हणाला आणि त्यानं फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. "पन शेवटची सही आतल्या साहेबांची."

दुर्गाबाईंनी अंगठ्याला शाई लावली आणि फॉर्मवर दाबून धरला. अंकुर उठून दारापाशी आला. उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला. दोघांच्या मध्ये फक्त अर्धं लोटलेलं दार होतं.

"जेवल्या का?" त्यानं विचारलं.

फळीवरचं ताट दामिनीच्या हातात होतं. पदरानं ती त्यावरची पाच वर्षांची धूळ पुसत होती.

"नाई," ती म्हणाली. "सकाळपासून नाई."