सात नंबरचा बिल्ला

शनिवारी दुपारी आईने डबा हातात दिला. "बाबांना पोचव आणि वादळ वाढायच्या आत परत ये," म्हणाली. बाबा पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर. शहरातला मोठा नाला जिथे समुद्राला मिळतो, तिथे एक लोखंडी गेट आहे. भरतीच्या वेळी ते लावलं नाही, तर समुद्र उलटा आत घुसतो आणि सगळ्यात आधी आमचीच गल्ली बुडते.

गेटशेजारी भिंतीवर खिळ्यांचा बोर्ड आहे. नाल्यात उतरणाऱ्याने आपल्या नंबराचा बिल्ला तिथे अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. बाबांचा नंबर एक. बोर्डावर बिल्ला असला, तर गेट लावायचं नाही. एवढा एकच नियम. तोही आमच्या वडिलांना पाळता आला नाही.

गेल्या वर्षी त्यांनी गेट लावलं, तेव्हा सात नंबर लटकत होता. गाळ काढणारा माणूस, सगळे त्याला बुटका म्हणायचे. बाबांनी बिल्ला खिशात घातला आणि चौकशीत सांगितलं, "सगळे वर आले होते." साहेबांनी मान डोलावली. युनियनवाल्या काकांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. मला तो बिल्ला बाबांच्या दाढीच्या डब्यात सापडला. त्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं. मोठ्या माणसांकडून आणखी काही शिकायची इच्छा उरली नव्हती.

मी पोचेपर्यंत रस्ते पाण्याखाली गेले होते. बदलीचा माणूस अडकला होता, वीज गेली होती. चारची भरती समोर, आणि मोटर बंद. गेट आता चाक फिरवून, हातांनी लावायचं. त्याला दोघं लागतात.

"धर," बाबा म्हणाले.

मी बोर्डाकडे पाहिलं. सातच्या खिळ्यावर बिल्ला होता. घरी, दाढीच्या डब्यात असायला हवा होता तो. त्यातून काळा गाळ ठिबकत होता.

"बाबा... आत कोणीतरी आहे."

"कोणी नाही."

गेटच्या पलीकडून आवाज आला. टक टक... टक. शिडी चढताना बुटका असाच ठोकायचा.

"बाबा..."

"दोन वर्षं कॉलेजात बाकं झिजवलीस, आता मला काम शिकवणार? आईला बुडवायचंय का तुला? धर!"

मी धरलं. मीही फिरवलं. लोखंड खाली बसलं आणि ठोकणं थांबलं.

रात्रभर खोलीत कुजक्या पाण्याचा वास भरून राहिला होता. सकाळी पाहिलं, तर सात नंबरचा खिळा रिकामा होता.

"बघ, आला वर," बाबा हसले. मग छत्री उचलली. "मी जातो. बदली येईपर्यंत बस. नुसतं बसणं तरी जमतं ना तुला?"

तासाभराने आईचा फोन आला. आवाजात हसू होतं.

"अरे, पोचले बाबा. किल्ली खिशात असून दार ठोठावत होते. टक टक, मग थांबून टक. मला म्हणाले, दमली असशील, बस जरा. कधी म्हणालेत असं? तू उपाशी असशील म्हणून काळजी करतायत. फक्त... कितीदा पाय धुतले, तरी गाळ काही निघत नाही बघ त्यांचा."

मी वळलो. एक नंबरच्या खिळ्यावर बाबांचा बिल्ला होता. ओला.

मग गेटवर आवाज सुरू झाला. टक टक नाही. दाणदाण, न थांबता. बाथरूममध्ये मला उशीर झाला, की बाबा दारावर असेच बुक्के मारायचे.

तेवढ्यात बदलीवाला आला. ओहोटी लागली होती, आम्ही दोघं होतो. गेट उघडता आलं असतं.

"सगळे वर?" त्याने विचारलं.

आईचं हसू अजून कानात होतं. मी बिल्ला काढून खिशात टाकला.

"सगळे."

"मग हे काय वाजतंय?"

"वारा."

घरी दार त्यानेच उघडलं. बाबांचाच चेहरा, बाबांचाच सदरा. आई आत गाणं गुणगुणत होती. त्याने गाळाने भरलेला तळवा माझ्यापुढे धरला.

"दे," तो म्हणाला. त्या घरात माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधीच कोणी बोललं नव्हतं. "मी ठेवतो... दाढीच्या डब्यात."