ऑस्बर्नच्या खुणेचं कासव

वायुभारमापकाचा काटा सकाळी दहाला केसभर चढे आणि दुपारी चारला तेवढाच उतरे. बाकी तो जागचा हलत नव्हता. १९१४चा सप्टेंबर अर्धा सरला, तरी कॅरिबियन समुद्रातल्या केमन ब्रॅक बेटावर एकही वादळ आलं नव्हतं. म्हणूनच, एरवी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या दिवसांत लिओनीचं छोटं गलबत दक्षिणेच्या खडकांकडे निघालं होतं.

तीन वर्षांपूर्वी वादळात तिचा नवरा ऑस्बर्न बोटीसकट नाहीसा झाला. त्याच्या नावाची अंत्यप्रार्थना तिने होऊ दिली नव्हती. आणि जूनमध्ये दक्षिणेच्या खडकांपाशी एका कोळ्याच्या फाटक्या जाळ्यातून कासव निसटलं. त्याच्या पोटावर वर्तुळ आणि आडवी रेघ होती! ब्रॅकचा प्रत्येक कोळी पकडलेल्या कासवाच्या पोटावर सुरीने आपली खूण कोरतो. ही खूण ऑस्बर्नची होती. ‘ताजी वाटली,’ कोळी म्हणाला होता. म्हणजे तिकडच्या एखाद्या बेटावर ऑस्बर्न जिवंत असेल.

चौथ्या दिवशी वारा पडला. समुद्र तेलासारखा पसरला. पाण्याचं पिंप एक तृतीयांश रिकामं झालं.

“वहिनी, देवाने वादळाबरोबर वाराही कोंडून ठेवलाय,” दीर व्हर्नल कुरकुरला.

“तोंड चालवतोस तसं वल्हं चालव,” इझरा काका सुकाणूवरून खेकसले, “परवाच पोचलो असतो!”

सातव्या दिवशी खडकांमधलं पहिलं बेट दिसलं. झोपडी नाही, राख नाही, पाऊलही नाही. लिओनीने तीनदा हाक मारली. फक्त पाखरं उडाली.

दुपारी गलबताच्या होडीतून खडकापाशी टाकलेलं जाळं अचानक ताणलं गेलं. ओढा! होडी खडकाकडे घसरली. व्हर्नलने वल्हं रोवलं. ते कडाडून मोडलं! काकांनी दोर कमरेला गुंडाळला, लिओनीने पाय रोवले, आणि भलंमोठं कासव होडीत उलथं पडलं.

वर्तुळ. आडवी रेघ.

तिने खाचेवरून बोट फिरवलं. नव्या खुणेची कड बोटाला बोचते. ही गुळगुळीत होती. खाचेत बारीक शिंपले घट्ट रुजले होते. निदान दोन-तीन वर्षांचे.

“बोट बुडाली तेव्हा सुटलं असणार,” काका हळूच म्हणाले. “कासव आपल्या चरायच्या जागी परत येतं, पोरी.”

त्याच रेघेवर कधीतरी ऑस्बर्नचा हात टेकला होता. तिने आपला तळवा तिथे ठेवला, बराच वेळ.

“पुढचं बेट दोन दिवसांवर आहे,” व्हर्नल म्हणाला. “पाणी कसंबसं घरी पोचण्यापुरतं. पण तू म्हणशील तिकडे.”

“याला सोडा.”

कासव पाण्यात सरकलं आणि हिरव्या खोलात दिसेनासं झालं. लिओनीने दोघांकडे पाहिलं.

“माझा ऑस्बर्न गेला, काका. घरी चला. रविवारी त्याची प्रार्थना करू.”