डगल्याची मधली चीर

चढाच्या गल्लीत भरदुपारी अचानक अंधार झाला. काहीतरी जड, लोकरी, संत्र्याच्या सालींचा वास येणारं रूताच्या डोक्यावर येऊन पडलं होतं.

"लागलं का? ए, जिवंत आहेस ना?" वरच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं.

"नाही!" रूता आतूनच म्हणाली.

"मग हलू नकोस, आलोच!"

ती धडपडत बाहेर आली. हातात काळा डगला होता. पोर्तुगालमधल्या या कोइंब्रा शहरातले विद्यार्थी सणावाराला, परीक्षेला खांद्यावर टाकून हिंडतात, तसला. जिन्यावरून अनवाणी धावत आलेला मुलगा म्हणाला, "माफ कर. वाऱ्याने उडाला."

रूताने वर पाहिलं. त्याच खिडकीतल्या दोरीवर दोन मोजे लटकत होते... अगदी निश्चल.

"कुठे आहे वारा?"

"होता. आत्ताच गेला."

रूता लिथुआनियाहून एका वर्षासाठी इथे शिकायला आली होती, आणि संशय घेणं हा तिचा स्वभावच होता. दूध वास घेतल्याशिवाय ती पीत नसे. हा दुआर्त नावाचा, डॉक्टरकी शिकणारा मुलगा दुसऱ्या दिवशी पुस्तकालयाच्या पायऱ्यांवर दिसला, तिसऱ्या दिवशी पाववाल्याकडे. तेव्हा तिने सरळ विचारलं, "माझा पाठलाग करतोस का?"

"रांगेत मी तुझ्या पुढे उभा आहे," तो म्हणाला. "पाठलाग तू करते आहेस."

तिला हसू आलं, आणि स्वतःचा रागही.

मग थंडी आली. त्या जुन्या घरांच्या भिंती आतूनही ओल्या होत. दुआर्तने तिला भाजलेली चेस्टनट विकत घेऊन आधी दोन्ही खिशांत ठेवायला शिकवलं—हात गरम झाले की मग खायची. चढ चढताना तो डगल्याची अर्धी बाजू न विचारता तिच्या खांद्यावर टाकी, आणि नजर मात्र नदीकडे ठेवी.

एकदा तो तिच्या बिऱ्हाडी सूप प्यायला आला. तो गेल्यावर घरमालकीण एर्मेलिंदाबाई कढईएवढे डोळे करून म्हणाल्या, "पोरी, त्याच्या डगल्याचा काठ बघितलास?"

"फाटका आहे थोडा."

"थोडा? अगं, इथे डगले उगाच नाही फाटत. डाव्या बाजूच्या चिरा घरच्यांच्या, उजवीकडच्या दोस्तांच्या. आणि मधली..." त्यांनी आवाज खाली आणला. "मधली एकीचीच. ती दातांनी फाडते. प्रेम तुटलं की शिवून टाकतात. याची मधली शिवली नाहीये. उघडी आहे, सताड!"

रूताला त्या दिवशी सूप कडू लागलं.

"मधली चीर कोणाची?" तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं.

दुआर्तचं हसू मावळलं. पहिल्यांदाच. "ती... सांगेन कधीतरी."

"आत्ता सांग."

"आत्ता नको ना. आत्ता तू हसत होतीस."

"आणि दर रविवारी गाडीने जातोस कुठे?"

"संत्री आणायला."

"बाजारात मिळत नाहीत?"

"अशी नाहीत."

संत्री खरंच गोड होती. रूताने ती खाल्ली, आणि प्रत्येक फोडीबरोबर कोणा अनोळखी मुलीचा चेहरा रंगवला. कधी ती सोनेरी केसांची असे, कधी उंच. सुंदर मात्र दर वेळी असे.

मे महिन्यात नदीकाठी तो एकदम म्हणाला, "जुलैत जाऊ नकोस. अजून एक वर्ष राहा... माझ्यासाठी."

त्यासाठी तिने सोमवारपर्यंत विद्यापीठाच्या विभागात कळवायला हवं होतं. आणि राहायचं कोणासाठी? पाठीवर दुसरीच्या दातांची खूण मिरवणाऱ्यासाठी?

शुक्रवारी गरम होत होतं म्हणून तो डगला तिच्या खोलीत ठेवून पुस्तकालयात गेला. रूताने सुई घेतली. आजीने शिकवलेल्या बारीक, घट्ट टाक्यांनी तिने मधली चीर शिवून टाकली. त्याला दिसेल. दिसली की तो विचारेल, आणि विचारलं की त्यालाही बोलावं लागेल!

त्याला दिसलीच नाही. डगला खांद्यावर टाकत तो म्हणाला, "रविवारी येतेस? संत्र्यांकडे?"

येते तर, रूता मनात म्हणाली. एकदा बघूच दे तिला.

छोट्याशा स्टेशनवर पिवळा स्वेटर घातलेली, पन्नाशीची एक बाई उभी होती. "माझी आई, झुल्मिरा," दुआर्त म्हणाला. आईने त्याला मिठी मारली. सवयीने तिचा हात त्याच्या पाठीमागे गेला, डगल्याचा काठ उचलून अंगठा मधोमध आला... आणि तिथेच थांबला.

"कोणी शिवलं हे?"

"काय शिवलं?" दुआर्तने काठ पुढे ओढला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

गप्प राहता आलं असतं. रूता पुढे झाली. "मी," ती म्हणाली. "मला वाटलं, दुसरी कोणी आहे."

"आहे की," झुल्मिरा म्हणाली. "मीच ती. हा याच्या बाबांचा डगला. ते गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. सासूबाई म्हणाल्या, आता शिवून टाक. मी म्हटलं, ते गेले, पण संपलं कुठे?"

रूताचे डोळे भरले. "तू सांगितलं का नाहीस?" ती दुआर्तला म्हणाली.

"सांगितलं की सगळे असेच रडतात," तो पुटपुटला. "मला तू हसणारी हवी होतीस."

घरामागच्या संत्र्याच्या झाडाखाली, झुल्मिराने ताणून धरलेल्या काठावरचा एकेक टाका रूता छोट्या कात्रीने उसवू लागली.

"टाका छान आहे गं तुझा," झुल्मिरा म्हणाली. "मेला सुटतच नाही!"

शेवटचा दोरा निघाला. झुल्मिराने चिरेवरून बोट फिरवलं, डोळे पुसले, आणि बोट थोडं बाजूला सरकवलं. "इथे जागा आहे."

"आई!" दुआर्त कानापर्यंत लाल झाला.

"तू गप्प बस. पोरी, लोकर चिवट आहे हो. मला दोनदा चावावं लागलं होतं."

रूताने काठ हातात घेतला, पण ओठांपाशी नेऊन थांबली. "उद्या सोमवार आहे," ती दुआर्तकडे बघत म्हणाली. "विभागात कळवायचं की नाही ते मी ठरवणार आहे. त्याआधी एक खरं सांग. त्या दिवशी... वारा होता?"

दुआर्तने आईकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"सांगून टाक रे," झुल्मिरा म्हणाली. "नाहीतर हिचा संशय जन्मभर फिटायचा नाही."

"नव्हता," तो म्हणाला. "आठवडाभर मी तू खिडकीखाली येण्याची वाट बघत होतो... डगला हातात धरून."

"माहीत होतं मला," रूता म्हणाली, आणि तिने दात रोवले.