दोन माणसांचं मशीन

चौक गावाला जुन्या हायवेवर अनुपमच्या वडिलांचं दुकान. बंद पडलेल्या हॉटेलांच्या भट्ट्या, फ्रीज, मशीनं, सगळं तिथं विकायला यायचं. श्रावणातल्या एका भिजट दुपारी पौर्णिमा छत्री झटकत आत शिरली, तर हा पठ्ठ्या अनुपम गिऱ्हाइकाकडं न बघता मशीनला तेल घालत बसलेला!

“ओ... दुकान चालू आहे की बंद?”

“चालू आहे. काय हवंय?”

“सॉसेज भरायचं मशीन.”

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. आणि मग खाली घालायचं विसरलाच की!

पौर्णिमा खालापूरच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये कामाला होती. वडील गेल्यावर घर तिच्यावर आलं, तेव्हा नोकरी सोडून तिनं घरीच डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि बेकन करायचं ठरवलं. फार्महाऊसवाले घ्यायला तयार होते. खिमा करायचं मशीन होतं, धुरी द्यायला पत्र्याची पेटी तिनं करून घेतली होती. अडलं होतं ते या भरायच्या मशीनपाशीच.

“दोन आहेत,” अनुपम म्हणाला. “हे हाताचं. एकानं मूठ फिरवायची, दुसऱ्यानं पुढं आतड्याची नळी धरायची. आणि हे मोटरवालं... पायानं पेडल दाबलं की झालं. एकट्याला जमतं.”

“हाताचं नेऊन बघू का आधी?”

“न्या की. मूठ कोण फिरवणार पण?”

“आईचा खांदा दुखतो हो...” तिनं डोळे बारीक केले. “माणूस पण मिळतो का तुमच्याकडं?”

“मिळतो ना. रविवारी मोकळा असतो तो.”

आता सांगा, असं कोणी दुकान चालवतं का? पण रविवारी अनुपम खरंच हजर झाला. त्या रविवारी आणि मग प्रत्येक रविवारी. बाहेर पाऊस, आत मिरी-लसणाचा वास, आणि मुठीवर त्याचा हात.

“हळू रे! फुटली ना नळी!”

“तू बघत नव्हतीस.”

“बघत होते.”

“कुठं?”

“...गप फिरव.”

तिची आई पारूबाई चुलीपाशी तोंडावर पदर धरून हसायची. गरम सॉसेज बशीत घालून पुढं करायची. अनुपम बशी हळूच सरकवायचा. “श्रावण आहे ना, मावशी.”

श्रावण सरला. मग गणपती आले. गणपती गेले, तर पितरं. मग नवरात्र. त्याच्या घरी एरवी मासे-मटण आवडीनं चालायचं, पण डुक्कर नाही. आणि पौर्णिमाच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, त्याबद्दल तर तो कधी अवाक्षर काढत नव्हता. तिला हे दिसत नव्हतं असं नाही. माणूस जीव लावून बसला की दिसलेलंही बाजूला ठेवतो, दुसरं काय!

दसरा झाल्यावरच्या रविवारी ती टॉवेल घेऊन मागच्या नळावर गेली. अनुपम हाताला लिंबू चोळत होता. चोळायचा, हुंगायचा, पुन्हा चोळायचा. दुसरा शर्ट पिशवीतून काढून ठेवलेला.

तिनं टॉवेल पुढं केलाच नाही.

“वास जात नाही का?”

तो दचकला. “आईला लगेच कळतं गं...”

“कसला वास घालवतोयस? मांसाचा, की आमच्या घराचा?”

“असं नको ना बोलूस.”

“रविवारी कुठं जातो म्हणून सांगतोस?”

“मशीन दुरुस्तीला.”

“कुणाकडं?”

त्यानं लिंबाची साल खाली टाकली. नळ गळत राहिला.

“पौर्णिमा... माझं प्रेम आहे तुझ्यावर. खरंच आहे.”

अख्खा पावसाळा ती या शब्दांची वाट बघत होती, आणि मिळाले कुठं, तर लिंबाच्या सालींपाशी. तिला रडू आलं, तरी ते तिनं आवरलं.

“माझंही आहे,” ती म्हणाली. “तुला काय वाटलं, आईचा खांदा खरंच दुखतो?”

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “मग थांब ना थोडी. दिवाळी झाली की सांगतो घरी.”

तो मनापासून बोलत होता. आणि सांगणार नव्हता. दोन्ही तिला एकदमच कळलं.

“एवढंच सांग, अनुपम. हे हाताचं ठेवून घेऊ, की तू मोटरवालं पाठवतोस?”

याचा अर्थ न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. ‘ठेव’ म्हणायचं होतं फक्त. त्याच्या ओठांपर्यंत आलंही असेल. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो आपल्या हातांकडं बघत राहिला.

“मोटरवालं...” तो म्हणाला. “तुला सोपं जाईल.”

त्यानं शर्ट बदलला. गाडी सुरू केली. तिनं त्याला थांबवलं नाही.

दोन दिवसांनी टेंपो आला. टेंपोवाल्या किशोरनं नवं मशीन उतरवलं, जुनं चढवलं. “अनुपमदादा नाही आले, काम आहे म्हणाले,” एवढंच बोलला आणि गेला.

पौर्णिमानं खिमा भरला, नळी लावली, पेडल दाबलं. सरसर एकसारखी माळ बाहेर येत गेली. एकही नळी फुटली नाही. तिच्या हनुवटीवरून मात्र टपटप पाणी गळत होतं.

पारूबाई दारात येऊन उभी राहिली.

“चांगलं चालतंय की. मंग रडतेस कशाला गं?”

“एकटीला जमतंय ना आई,” पौर्णिमा म्हणाली, “म्हणून.”