येते हं

हळदीकुंकू आटोपल्यावर हेमलताने दाराशी जाऊन उंबरतोल्याचा आकडा पाहिला. नऊ किलो असायला हवे होते. दिसत होते तीन.

धातू आणि प्लास्टिकची टंचाई झाल्यापासून इचलकरंजीत प्रत्येक घराला वर्षाला बारा किलोच वस्तू आणता येत. वस्तू आत आली की उंबऱ्यात बसवलेला तोल्या तिचं वजन वाट्यातून वजा करी, बाहेर दिली की मिळवी. हेमलताने मन मारून सहा किलो राखले होते. रुखवतातल्या शंभर-शंभर ग्रॅमच्या तीस वाट्या वाण म्हणून लुटल्या की नऊ किलोचं शिलाई मशीन घेता येणार होतं. पंधरा वर्षं ती दुसऱ्यांच्या मशीनवर शिवत होती, आणि गोदामवाले हे मशीन शनिवारपर्यंतच राखून ठेवणार होते.

"वाण लुटायला गेलो आणि आपणच लुटले गेलो," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुरवठा कचेरीतले यंत्रज्ञ कुरणे आले. तोल्यातल्या नोंदी ऐकून त्यांना हसू आवरेना.

"वहिनी, काटकसर म्हणून याला डोळा बसवलेला नाही. वस्तू आत चालली की बाहेर, ते हा बोलण्यावरून ठरवतो. वाटी घेऊन निघताना बायका काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? येते हं."

"झालं तर. याच्या लेखी तीस वाट्या आत आल्या. यापुढे सगळ्यांनी 'जाते' म्हणायचं. मग मी आकडा दुरुस्त करतो."

"या घरातून कुणी 'जाते' म्हणून जात नाही," सासूबाईंनी ठणकावलं. "मशीन नको आणि काही नको."

हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना दुखवायचं नव्हतं, पण मशीनही सोडवत नव्हतं.

"नियमापुढे माझं काय चालणार, आजी?" कुरण्यांनी तिळाची वडी तोंडात टाकली, आत येतानाच थांबवलेली तोल्याची मोजणी पुन्हा चालू केली आणि हत्यारांची चार किलोची पेटी उचलली. "बरं, येतो."

तोल्या टुणकन वाजला. आकडा उणे एकवर गेला.

कुरणे तिथेच थबकले. त्यांची पेटी आता हेमलताच्या वाट्यातून वजा झाली होती. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मुकाट्याने खाली बसून कुरण्यांनी तोल्याला आपल्या लोकांची भाषा शिकवली, आणि तासाभराने आकडा नऊवर आला. हेमलताला हसावं की रडावं कळेना.

"येतो," कुरणे पुन्हा, जरा जपून म्हणाले.

"कळलं. म्हणजे जाताय," तोल्या अदबीने म्हणाला. "पण परत कधी येणार, तेवढं सांगा. नोंद करायची आहे."

कुरणे सासूबाईंकडे पाहतच राहिले. जन्मभर 'येतो' म्हणून निघणाऱ्या माणसाला हे आजवर कुणी विचारलं होतं?