ओल्या बाजूची जागा

दिवा राहू द्या, नुसता बारीक करा. आणि कुणाला पाणी प्यायला जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, नंतर एकटं जायची हिंमत व्हायची नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. दवाखान्याची शववाहिनी चालवणाऱ्या नानाची आहे, आणि नाना काही थापा मारणारा माणूस नव्हे. थापा मारायलाही अंगात थोडा उत्साह लागतो.

नाना शिंगी, म्हणजे शिंगवाल्या लोकांतला. टोपी नीट बसावी म्हणून दोन्ही शिंगं कानशीने घासून बोथट केलेली. बायको पाणलोकांतली होती, कानामागे कल्ले, बोटांना पडदे. बाळंतपणात ती गेली आणि मागे राहिली पोर. दुवंशी. कल्लेही आहेत आणि कपाळावर इवलीशी शिंगंही. बायकोच्या माहेरचे आले, तिचा देह उचलून घेऊन गेले, पण पोरीकडे कुणी मान वळवून बघितलं नाही. ते नानाच्या मनातून कधी गेलं नाही.

पोर सात वर्षांची असतानाची ही गोष्ट. हिवाळ्यातला दुसरा गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा. नानाच्या सलग दोन पाळ्या झालेल्या. पोर शेजारच्या काकूंकडे सोपवून दोन दिवस झाले होते. डोळ्यांत खडे गेल्यासारखं होत होतं. एक शेवटची फेरी उरली होती, दवाखान्यात वारलेल्या एका छत्रीवाल्याला घरी पोचवायचं होतं. हा छत्रीवालाही दुवंशी, आई पाणलोकांतली. अर्धा पाण्यातला असून जन्मभर लोकांच्या छत्र्या दुरुस्त करत बसला, याचं त्याला स्वतःलाच हसू यायचं म्हणे.

घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. पायांकडून छत्रीवाल्याच्या चुलत पुतण्याने धरलं होतं, तोही शिंगी. वर पोचेपर्यंत त्याचं एकच चाललं होतं, "हळू हो, माझी कंबर." छत्रीवाल्याला खोलीच्या मधोमध ठेवलं. डोक्याशी एक स्टूल, पायाशी एक स्टूल.

आता तुम्हा पोरांना ही पद्धत माहीत नसणार, हल्ली पाळतंय कोण? दुवंशी माणूस गेला की डोक्याशी बापाकडचं एक माणूस बसतं आणि पायाशी आईकडचं एक. पहाटेपर्यंत बसायचं, आणि बाराच्या ठोक्याला दोघांनी एकदा म्हणायचं, "हा आमचा आहे, आम्ही नेतो." दोन्ही बाजू बोलल्या तर माणूस अख्खा जातो. एकच बोलली तर अर्धा जातो. उरलेला अर्धा घरातच राहतो.

पुतण्या डोक्याशी बसला आणि मोबाइल काढला. पायाशी कुणीच नव्हतं.

छत्रीवाल्याची म्हातारी बायको नानाला म्हणाली, "त्यांच्या आजोळी सगळ्यांना फोन केले हो. एक म्हणाला, आम्ही नाही ओळखत. बाकीच्यांनी उचललाच नाही. तुम्ही बसता का?"

"आजी, मी शिंगी आहे."

"टोपी आहे ना डोक्यावर? काढू नका, झालं."

"असं खोटं बसून चालतं का?"

"ते मला काय ठाऊक, बाबा. चाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याशी, अख्ख्या माणसाशी. आता त्यांचा अर्धा असा कोपऱ्यात राहिला तर मी बघू कशी? आणि उद्या मी गेले, की त्यांच्याजवळ कोण?"

नानाने सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे त्याची पोर आली. तिच्या वेळी पायाशी कोण बसणार? आणि खरं सांगायचं तर पायही बोलायला लागले होते. तो बसला.

बारा वाजले. पुतण्याने मान वर न करता आपलं वाक्य उरकलं. मग नाना म्हणाला, "हा आमचा आहे. आम्ही नेतो."

पावणेतीन वाजता पुतण्या घोरत होता. म्हातारीचा भिंतीला टेकून डोळा लागला होता. आणि जिन्यावर आवाज आला.

चप्... चप्...

ओले पाय. अनवाणी. सावकाश येणारे.

दाराला आतून कडी होती. कडी हलली नाही. दार उघडलं नाही. आवाज मात्र आत आला.

गाळाचा वास सुटला. नदीच्या तळचा, थंड.

आवाज नानाच्या मागे येऊन थांबला.

मानेवर एक थेंब पडला. मग दुसरा. नानाने मागे बघितलं नाही.

"ऊठ... ही जागा आमची आहे."

बाईचा आवाज की बाप्याचा, ते त्याला आजही सांगता येत नाही.

दुसरा कुणी असता तर जिन्यावरून गडगडत खाली गेला असता. पण पार दमलेल्या माणसाला भीतीच्या आधी राग येतो.

"आत्ता येताय?" नाना म्हणाला. "ही बाई फोन करून करून थकली, तेव्हा कुठे होता? मला हौस आहे का इथे बसायची? उठतो. बसा. पण माझीही एक पोर आहे तुमच्यातली. तिच्या वेळी तरी वेळेवर या."





मग नाना उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला. रिकामं स्टूल करकरलं. वजन पडल्यावर करकरतं, तसं.

उजाडलं तेव्हा स्टूल कोरडं, फरशी कोरडी. म्हातारी जागी झाली, चारी कोपऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "गेले हो. अख्खे गेले." आणि मग पहिल्यांदा रडली.

नाना घरी आला. पोर शांत झोपली होती. तिच्या सोबतीला इकडेच आलेल्या काकू पलीकडे पेंगत होत्या. आणि पोरीच्या पायाशी, फरशीवर, एक ओला डाग होता. एक माणूस मांडी घालून बसेल एवढा.

नानाने पुसला. परत आला. फरशी बदलून घेतली, तरी परत आला. पलंग समोरच्या भिंतीला सरकवला, तर सकाळी डागही तिकडे, पायाशीच.

आज त्याला नऊ वर्षं झाली. पोर सोळाची आहे, ठणठणीत आहे, कॉलेजात जाते. डाग वाळलेला नाही. नानाने रात्रपाळी सोडली. रोज पोर झोपली की तो तिचं पांघरूण सारखं करतो, पण उभ्यानेच. पाय कितीही मोडून आले तरी तिच्या डोक्याशी तो कधी बसत नाही. दुसरी बाजूही भरली तर काय होईल, याचा विचारसुद्धा त्याला करायचा नाही.

परवा भेटला तेव्हा फार थकलेला वाटला. म्हणाला, "वेळेवर या म्हणालो होतो रे मी. इतक्या लवकर या, असं कुठे म्हणालो होतो?"